चिपी ते मुंबई, कौल घेऊन

चाकं मुंबईच्या जमिनीला लागणार एवढ्यात विमान परत वर उसळलं. घरांवरच्या निळ्या ताडपत्र्या अगदी पायाखाली आल्या होत्या, त्या बघता बघता लहान झाल्या. मी ओरडले, "अरे मेल्यांनो, उतरवा!"

शेजारी मालवणचा एक माणूस होता. "आजी, वगी रव्हा, आरडू नकात. खाली वाट मोकळी नसतली. एक फेरी मारतला नि उतरतला."

"माका फेरी नको! तीनाक माझ्या बहिणीक कापूक नेतले."

मोठी बहीण मुंबईला हॉस्पिटलात होती. आतड्याला पीळ पडलेला. डॉक्टर म्हणाले, आजच ऑपरेशन, नाहीतर जाईल. आणि ही सही करीना. गावच्या देवीचा कौल हवा. गुरव देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. फोनवर सांगितलेलं तिला चालणार नव्हतं.

"फोनार तू कायव सांगशीत. तोंडासमोर तुका खोटा बोलूक येणा नाय. हंय ये." पोटात कळा, आणि ऐट ही!

सकाळी कौल लावला. डावी पडली. गुरव माझ्याकडे न बघता समईची वात सारत बसला.

मुंबईतल्या भाच्याने चिपीहून विमानाचं तिकीट काढलं. रेल्वेने दिवस मोडतो. हवेतून साडेतीनशे किलोमीटर, तास-सव्वा तास. मी बहिणीला कळवून मोकळी झाले, "बाराक बसतंय, एकाक तुझ्याकडे." आमच्या कट्टा गावाला एसटीतून उतरलं की आपण पोचलो, तसाच मी विमानाचाही हिशोब केला. विमानतळापासून हॉस्पिटल आणखी तासाभरावर, हे धरलंच नव्हतं. त्यात विमान सुटलंच उशिरा.

पण खोटं कशाला सांगू, वर गेल्यावर मी बहिणीला विसरले. समुद्रातला किल्ला भाकरीएवढा दिसला आणि मी टाळी वाजवली. होड्या तर तांदळाच्या कण्या! त्या माणसाला खिडकीपासून ढकलून मी बघत होते. जन्मात एवढी मजा आली नव्हती.

दुसऱ्या फेरीला उतरलो. विमानतळावर घ्यायला आलेल्या भाच्याने डावी पडल्याचं ऐकलं आणि टॅक्सी पळवायला लावली. तरी साडेतीन वाजले. बहीण ऑपरेशनच्या दाराबाहेर, ढकलगाडीवर. सहीचा कागद मुठीत चुरगळलेला, डॉक्टर लालबुंद.

"कौल कसो पडलो गो?"

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. "उजवो."

तिने माझं तोंड न्याहाळलं. भाच्याने मान खाली घातली.

"विमानात उलटी केलंस?"

"नाय. तू मरशीत, सही कर."

"मगे पेन हाड." तिने हात पुढे केला.

चार तास लागले. बहीण जगली.