खाली आणि डावीकडे

बंदूक मी एक्सेलमध्ये निवडली. आता हे सांगायला लाज वाटते, पण तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. अमेरिकेतल्या श्रूजबरीतलं आमचं घर, गाडी, मुलाचं कॉलेज, डिशवॉशर, सगळं मी असंच निवडलेलं आहे. उभ्या रकान्यात पर्याय, वर आडवे निकष, प्रत्येक चौकटीत गुण आणि शेवटी बेरीज. नवरा म्हणतो, लग्नाआधी माझीही अशी शीट केली असशील. केली होती, पण ती त्याला दाखवलेली नाही.

त्या वर्षी आमच्या छोट्या कंपनीला अलास्कातल्या एका नदीवर पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर बसवायचं काम मिळालं. दोघांनी जायचं आणि तीन आठवडे राहायचं. एक मी, आणि दुसरा माझा सहकारी. मूळचा चंद्रपूरकडचा, तिशी ओलांडलेला, सॉफ्टवेअरमधला, मला ताई म्हणणारा. त्या खोऱ्यात तपकिरी अस्वलं फार. कंपनीचा नियम असा की दोघांपैकी एकाकडे रायफल हवी आणि ती चालवायचं प्रशिक्षण हवं. तो व्हिसावर होता. व्हिसावरच्या माणसाने बंदुकीला हात लावायचा तर आधी वकिलाला विचारावं लागतं. मी सिटिझन. त्यामुळे पाच फूट उंचीची, दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे आयुष्यात काही न उडवलेली मी आमच्या टीमची बंदूकधारी झाले.

निघायच्या आदल्या रविवारी त्याच्या बायकोचं डोहाळजेवण होतं. मी ओटी भरली. हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत ती दमून बसली होती. सगळ्या बायका ताटांकडे वळल्यावर तिने माझा हात धरला. "ताई, याला नीट परत आणा." मी हो म्हटलं. बढाईखोरपणे म्हटलं, हेही आठवतं.

अलास्कात पोचल्यावर पहिले चार दिवस प्रशिक्षण. शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे, आयुष्यभर शिकाऱ्यांना घेऊन त्याच डोंगरांत हिंडलेले. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणत असे. कपाटात तीन रायफली होत्या, प्रत्येकीचं कॅलिबर वेगळं. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळी किती रुंद, गोळी किती जाड, त्याचं माप. थर्टी-ऑट-सिक्स सगळ्यांत लहान, थ्री-थर्टी-एट मधली, आणि थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह मोठी. मोठीच्या काडतुसाने आफ्रिकेत रानरेडे मारतात, असं मी वाचून गेले होते. माझ्या शीटमध्ये गोळीचं वजन होतं, वेग होता, ती हाडातून किती आत जाते ते होतं. थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह सगळ्यांच्या पुढे होती.

काकांनी लॅपटॉपवरची शीट शांतपणे पाहिली आणि विचारलं की यात बंदूक धरणाऱ्या माणसाचा रकाना कुठे आहे. मग म्हणाले की जी उडवताना तुला भीती वाटत नाही, त्यांतली सगळ्यांत मोठी घे. बहुतेक तुझ्यासाठी ती थर्टी-ऑट-सिक्स असेल, आणि नीट लागली तर ती पुरते. मला राग आला. माझी उंची बघून बोलतायत असं वाटलं. पहिलीपासून पहिल्या नंबरात आलेल्या माणसाला लहान वस्तू दिली की तो तिच्याकडे दुसऱ्या नंबराचं बक्षीस म्हणून बघतो. मी मोठीच उचलली.

पहिल्या गोळीने खांदा असा हलवला की दातांपर्यंत कळ गेली. रात्री आंघोळ करताना पाहिलं, खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग. दुसऱ्या दिवशी त्या डागावरच बंदूक टेकवली. दुखतंय हे मी कुणालाही सांगितलं नाही. आमच्या घरी "मला जमत नाही" हे वाक्य म्हणायची पद्धत नव्हती. मी ते कधी शिकलेच नाही.

काका माझ्या गोळ्या बघत होते. त्या सगळ्या खाली आणि डावीकडे लागत होत्या. मग त्यांनी मला पाठ फिरवायला सांगितलं, स्वतः मॅगझिनमध्ये काडतुसं भरली आणि उडव म्हणाले. दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्यांदा चाप ओढला आणि टक् असा बारीक आवाज आला, बस्स. त्या शांततेत मी माझ्या बंदुकीची नळी पाहिली. धक्का नव्हता, आवाज नव्हता, काही झालंच नव्हतं, आणि तरी ती नळी आपोआप खाली आणि डावीकडे झुकली. कुणीतरी दुसऱ्याने माझे हात आतून ओढावेत तशी. माझे डोळे मिटलेले होते, हे मला ते उघडल्यावर कळलं.

काकांनी खोटी काडतुसं मिसळली होती. खऱ्या काडतुसासारखीच दिसणारी, पितळी, पुढे गोळी बसवलेली, पण आत दारू नाही आणि बाजूला एक बारीक भोक पाडलेलं. धक्क्याच्या भीतीने शरीर आधीच दचकतं, ते यात उघडं पडतं, असं त्यांनी समजावलं आणि पुन्हा थर्टी-ऑट-सिक्स पुढे केली. मी मोठीच धरून राहिले. परीक्षेत कागदावरचं अस्वल चांगलं रुंद होतं. खाली-डावीकडे सरकलेल्या गोळ्याही त्याच्या अंगातच बसल्या. मी पास झाले आणि काकांना तसं ऐकवलंही. त्यांनी कागदावरच्या भोकांवरून एकदा बोट फिरवलं. मग सहा खोटी काडतुसं माझ्या हातावर ठेवून म्हणाले की रोज सराव कर, नळी हलायची थांबेपर्यंत, आणि ही खऱ्यांपासून लांब ठेव.

मी रोज सराव केला. मी गृहपाठ चुकवणारी नव्हेच. नदीकाठच्या लाकडी केबिनमध्ये चहाच्या आधी तीस वेळा आणि जेवणानंतर तीस वेळा.

त्या खोऱ्यात जूनमध्ये अंधार पडतच नसे. रात्री अकरालाही राखेच्या रंगाचा उजेड खिडकीत उभा असायचा. घड्याळ बघून झोपायचं. काही दिवसांनी मला वेळेचा भरवसाच वाटेना. नदीकाठी अल्डरची झुडपं डोक्याच्या वर गेलेली, इतकी दाट की हात घातला तर कोपरापासून पुढचा दिसत नसे. नदीचा आवाज सतत, त्यामुळे दुसरं काही ऐकू येत नसे. सहकारी अस्वलाचं नाव घेत नसे. त्याच्या आजोळी जंगलात वाघाचं नाव काढत नाहीत, काढलं की तो येतो म्हणतात. तो "साहेब" म्हणायचा. मी त्याची टिंगल केली. तो हसला, पण साहेबच म्हणत राहिला.

आठव्या दिवशी आम्ही सेन्सर बसवून आल्या वाटेने परत येत होतो. ओल्या रेतीत सकाळचे आमचेच बूट उमटलेले होते. माझ्या बुटाच्या ठशावर, बरोबर मधोमध, एक भलाथोरला पंजा उमटला होता. पुढच्या ठशावरही. आम्ही वळलो तिथे तो वळला होता, आम्ही डबा खायला बसलो तिथे तो थांबला होता. पुढे झुडपांपाशी ते ठसे संपले. "ताई, साहेब दिवसभर आपल्या मागे होते," तो म्हणाला. मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, मग खांद्यावरची रायफल हातात घेतली.

त्या दिवसापासून मी सराव वाढवला. सकाळी नाश्त्याच्या टेबलावरही बंदूक. नळी अजून झुकत होती. दहातली सात वेळा, मग सहा, मग परत सात. हे मी त्याला सांगायला हवं होतं. रेडिओवर काकांना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशीच्या विमानाने लहान रायफल आली असती. मी दोघांनाही म्हणत राहिले, सगळं ठीक.

अकराव्या दिवशी धुकं होतं. माझा सरावाचा कार्यक्रम उशिरापर्यंत चालला आणि तो दारात सामान घेऊन उभा. मी घाईघाईने टेबलावरची काडतुसं गोळा केली. जाड हातमोजे घालूनच मॅगझिन भरलं.

तो पाण्याच्या कडेला सेन्सरपाशी उकिडवा बसला होता, माझ्याकडे पाठ करून, अस्वलाला पळवायच्या मिरचीच्या फवाऱ्याचा डबा शेजारच्या दगडावर. मी त्याच्या मागे, काठाच्या चढावर, सातआठ पावलांवर. आधी वास आला, ओल्या कुत्र्यासारखा, पण जड. मग पलीकडच्या झुडपांमधला एक धुक्याचा तुकडा तपकिरी झाला. ते दोन पायांवर उभं राहिलं आणि आमच्याकडे पाहत राहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. त्याचं तोंड एखाद्या विचारात पडलेल्या माणसासारखं होतं, आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. मी सहकाऱ्याला हलू नकोस म्हटलं. बोल्टचा दांडा ओढून काडतूस नळीत चढवलं आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडे नेम धरला.

अस्वल चार पायांवर आलं आणि उथळ पाण्यातून सरळ आमच्याकडे धावलं. मी चाप ओढला.

टक्.

ते दहाबारा पावलांवर पाणी उडवत थांबलं. दात वाजवले, फुसफुसलं, बाजूला वळलं आणि चालत झुडपांत गेलं. पुष्कळदा ती असंच करतात, नुसती घाबरवतात, हे मला शिकवलेलं होतं. पण मी ते जाताना धड पाहिलंच नाही. मी नळीकडे पाहत होते. ती खाली आणि डावीकडे झुकलेली होती, आणि तिच्या समोर त्याच्या निळ्या जॅकेटची पाठ होती, दोन्ही खांद्यांच्या मधली जागा.

तो त्या आवाजाने मागे वळलेला होता. त्याने नळी पाहिली, मग मला. मी ती बाजूला केली, बोल्ट मागे ओढला, आणि काडतूस खडखडत दगडांवर पडलं. त्याने ते उचललं, उजेडात धरलं. बाजूचं बारीक भोक त्याला दिसलं.

"हे खरं असतं तर, ताई?"

आम्ही केबिनकडे निघालो. वाटेत पहिल्यांदाच तो माझ्या पुढे न चालता मागे चालला. त्याच दिवशी रेडिओवर मी काकांना म्हटलं की मला या बंदुकीची भीती वाटते. वाक्य इतकं छोटं होतं. दुसऱ्या दिवशी थर्टी-ऑट-सिक्स आली. तिच्या सरावात नळी चौथ्या दिवसापासून हलायची थांबली. उरलेल्या दिवसांत अस्वल परत दिसलं नाही.

मी त्याला नीट परत आणलं. त्याच्या बायकोने पेढे दिले, मिठी मारली आणि म्हणाली की ताई होत्या म्हणून मी निश्चिंत होते. त्याने तिला सांगितलेलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या मुलीचा पहिला वाढदिवस. त्यांच्या दिवाणखान्यात तीसचाळीस माणसं, दुपारचं ऊन, छताला फुगे. तिच्या आईने तिला माझ्या मांडीवर ठेवलं. ती माझ्या बांगड्यांशी खेळत होती, तिच्या केसांना तेलाचा वास होता, आणि मला खूप बरं वाटत होतं. समोर कुणीतरी मोठ्या फुग्याला सुई लावली. आतला रंगीत कागदांचा चुरा पोरांवर उडवायचा होता.

फुगा फुटायच्या आधीच माझे डोळे मिटले. दोन्ही हात मुलीसकट खाली आणि डावीकडे गेले.

मग फुगा फुटला. पोरं ओरडली, सगळे हसले. मुलगीही हसली, तिला तो खेळ वाटला. मी डोळे उघडले तेव्हा तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला केकची ताटली घेऊन उभा होता आणि माझ्या हातांकडे बघत होता. त्याने ताटली टेबलावर ठेवली. माणसांतून वाट काढत आला, वाकला, आणि अगदी हळुवारपणे मुलगी माझ्याकडून काढून घेतली.