यादीत नसलेलं नातं

आमची काकू देशाच्या विज्ञान संस्थेच्या नियामक मंडळावर निवडली गेली, तेव्हा काकांचा पहिला प्रश्न होता, "तिथे चहा कोण करणार?" काकूनं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "चहा कोणी का करेना, सह्या मी करणार आहे." सह्या फक्त अध्यक्ष करतात हे तिला तिथे गेल्यावर कळलं, आणि तेही तिनंच घरी येऊन सांगितलं. स्वतःची फजिती लपवून ठेवणं तिला कधी जमलंच नाही.

तिची नोकरी शहराच्या बससेवेच्या कचेरीत झाली. कोणती बस कुठून किती वाजता सुटेल, याची वेळापत्रकं ती आखायची. आमच्या गल्लीतले लोक वर्षानुवर्षं तिच्या मागे लागले होते, की एक बस जरा आपल्या कोपऱ्यावरून वळव. तिनं कधीच वळवली नाही. त्यामुळे गल्लीत तिला मान होता आणि शिव्याही होत्या, आणि आम्ही सगळे दुसऱ्या चौकापर्यंत पायपीट करत होतो.

विज्ञानाशी तिचा संबंध म्हणाल तर माझा धाकटा भाऊ. आमची आई गेली तेव्हा तो नुकता पाऊल टाकायला लागला होता, आणि बाबांची नोकरी बोटीवर. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. आम्ही दोघं त्यांच्या दोन खोल्यांत आलो ते तिथलेच झालो. मी तोंडाळ, नाकावर राग असलेली. धाकटा तिखट लागलं तरी पाणी न मागणारा. तो शिकला आणि गावाबाहेरच्या टेकडीवर, जमिनीचे हादरे मोजणाऱ्या केंद्रात लागला. पुढे तिथला प्रमुख झाला. प्रमुख म्हणजे हाताखाली चार माणसं आणि डोक्यावर गळकं छप्पर. पण त्या केंद्रावर त्याचा असा जीव होता की सुटीच्या दिवशीही एक चक्कर मारून आल्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही.

हे केंद्र त्याच विज्ञान संस्थेचं. संस्थेच्या मंडळावर नऊ जण असतात. बहुतेक शास्त्रज्ञ, एखादा कारखानदार, एखादा हिशेबतपासनीस, आणि एक जागा ज्याचं पोट विज्ञानावर चालत नाही अशा साध्या नागरिकासाठी. त्या जागेची जाहिरात काकांनी थट्टेनं काकूपुढे टाकली, आणि तिनं खरोखरच अर्ज भरला. पुतण्या संस्थेच्या केंद्रात आहे, हेही तिनं त्यात लिहिलं. नियमात पुतण्याचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

मंडळ काय करतं, हे मला तिच्यामुळेच समजलं. मला वाटायचं, ही मोठी माणसं यंत्रांच्या खटक्यांवर बोटं ठेवून बसत असतील. तसं काही नाही. रोजचा कारभार संचालक बघतात, त्यात मंडळानं नाक खुपसायचं नाही. कोणतं संशोधन चालू ठेवायचं आणि कोणतं थांबवायचं, एवढं मंडळानं ठरवायचं, आणि दर तीन महिन्यांनी संचालकांना समोर बसवून विचारायचं, की बाबा रे, ठरलं होतं ते झालं का. संचालक उत्तरं देतात, पण त्यांना मत नसतं. मंडळावर जो सर्वांत नवीन, त्यानं आधी बोलायचं आणि अध्यक्षांनी सर्वांत शेवटी, अशी तिथली जुनी पद्धत. नाहीतर मोठ्यांचं ऐकून बाकीचे माना डोलवतात. अध्यक्षबाई मत देतात ते दोन्ही बाजू समान झाल्या तरच, आणि तेव्हाही नेहमी जे चालू आहे ते चालू ठेवण्याच्या बाजूनं. बंद पाडलेलं पुन्हा उभं करणं फार अवघड असतं, असं त्यांचं म्हणणं.

या पद्धतीनंच काकूची पहिल्या दिवशी विकेट काढली. पहिला विषय होता मागच्या बैठकीचा वृत्तांत मंजूर करण्याचा. नवीन माणसानं आधी बोलायचं, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं तो वृत्तांत अथपासून इतिपर्यंत वाचलेला. ती उभी राहिली आणि ठणकावून म्हणाली, "सगळं बरोबर आहे. माझी मंजुरी."

अध्यक्षबाईंनी सारी हयात समुद्राचा तळ मोजण्यात घालवलेली. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, पण मागच्या बैठकीला तुम्ही नव्हता."

"नव्हते. पण वाचायला बरोबर वाटलं."

सगळे हसले आणि काकूही हसली. काकांना मात्र आयतंच कोलीत मिळालं. पुढे कित्येक दिवस कोणतंही भांडण झालं की ते म्हणायचे, "मी नव्हतो, पण माझी मंजुरी."

त्या शास्त्रज्ञांबद्दलही सांगायला हवं. बैठकीच्या आठवडाभर आधी कागदांचं जाडजूड बाड घरी यायचं. काकू ते जेवणाच्या टेबलावर पसरून वाचायची आणि अडलं की सरळ फोन लावायची. मंडळावरच्या गणितज्ञांनी एकदा तिला दुर्बिणीचा आरसा फोनवर इतका वेळ समजावून सांगितला की आमचा भात करपला. कोणी तिला कधी झटकलं नाही. "समजत नाही म्हटलं की या लोकांचे डोळे चमकतात गं," ती म्हणायची. तिला त्या लोकांचं फार कौतुक होतं आणि मला तिचं.

दुसऱ्या वर्षी धाकट्याचं केंद्र मंडळापुढे आलं. देशभर जमिनीखाली नवी यंत्रं पुरली होती. ती आपोआप हादरे मोजून मुख्यालयाला कळवत होती. मग टेकडीवरचं जुनं केंद्र हवं कशाला, असा प्रस्ताव होता. माणसांना मुख्यालयात सामावून घेणार होते. म्हणजे धाकट्याची नोकरी राहणार होती, पण एका लांबलचक दालनात, पडद्यासमोर, इतरांच्या रांगेत. उमेदीची सगळी वर्षं त्यानं ज्या टेकडीला दिली, ती सुटणार होती. त्याचं जेवण निम्म्यावर आलं.

मी स्वस्थ बसणाऱ्यांतली नाही. मंडळाचे नियम शोधून काढले. स्वतःचा, नवराबायकोचा, आईवडिलांचा, मुलांचा किंवा सख्ख्या भावंडांचा संबंध असेल, तर सदस्यानं तसं सांगून त्या विषयापुरतं बाहेर जायचं. एवढीच यादी. मी टाळीच वाजवली.

"काकू, यादीत पुतण्या नाहीये! तू आत बसू शकतेस, मत देऊ शकतेस."

"वाचलंय मी."

"मग?"

"मग काय? बैठक उद्या आहे."

काकांनी धीर करून म्हटलं, "अगं, एक हात तर वर करायचा. त्यात काय एवढं?"

"हात माझा आहे ना?" काकू म्हणाली, आणि टेबलावरचे कागद आवरायला लागली.

मंडळाच्या बैठका बहुतांशी लोकांसाठी खुल्या असतात. भिंतीला लागून खुर्च्या मांडलेल्या असतात आणि त्यांवर सहसा कोणी नसतं. त्या दिवशी मी जाऊन बसले. धाकटा कामावर होता. लांबट खोली, मध्ये टेबल, पाण्याचे जग, खिडकीतून खाली गाड्या लावायची जागा दिसत होती. देशाचं विज्ञान इथे ठरतं असं सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

सुरुवातीला अध्यक्षबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "आजच्या विषयांत कोणाचा काही हितसंबंध?"

काकूनं हात वर केला. "चौथ्या विषयात माझा आहे. त्या केंद्राचा प्रमुख माझा पुतण्या."

सचिवांनी नियम उघडून पाहिले. "पुतण्या यात येत नाही, बाई. तुम्हाला बाहेर जायची गरज नाही."

"येत नसेल. मी वाढवलंय त्याला."

"तुम्ही बसलात तरी कोणाची हरकत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ठरवायचं तुम्ही."

"मग मी बाहेर बसते. आणि या विषयाचे कागद मी वाचलेत, तेही लिहून घ्या. विषय दिसल्याबरोबर परत पाठवायला हवे होते. राहवलं नाही."

चौथा विषय आला. काकूनं चष्म्याचं घर उचललं, खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर गेली. दारातून जाताना ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिनं पाहिलं नाही.

आतल्या लोकांनी घाई केली नाही, हे मला कबूल करायला हवं. गणितज्ञ केंद्राच्या बाजूनं तळमळून बोलले. टेकडीवरच्या माणसांशी प्रत्यक्ष कोण बोललं, असं अध्यक्षबाईंनी संचालकांना दोनदा विचारलं. मग हात वर झाले. बंद करावं म्हणणारे चार, चालू ठेवा म्हणणारे तीन.

मी बोटांवर हिशेब केला. काकू आत असती तर चारास चार झाले असते, आणि अध्यक्षबाईंचं मत केंद्राला मिळालं असतं. ती माऊली मात्र बाहेर झेरॉक्सच्या यंत्राशेजारी बाकावर बसून होती.

सचिव तिला बोलावून घेऊन आले. पद्धतीप्रमाणे अध्यक्षबाईंनी तिला निर्णय सांगितला, "पुढच्या वर्षाअखेर केंद्र बंद होईल." काकूनं मान हलवली, बसली आणि पाचव्या विषयाचे कागद काढले. संशोधन जहाजावरच्या पाण्याच्या टाक्यांचा विषय होता, आणि मंडळावर सर्वांत नवीन अजून तीच होती. ती घोटभर पाणी प्यायली. "टाक्या बदलायला जहाज किती दिवस किनाऱ्याला लागेल?" तिनं विचारलं. आवाज थोडा बसला होता, पण प्रश्न पुरा केला.

तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. परतताना बसमध्ये मी तिच्या शेजारी बसलेसुद्धा नाही. आता तो टाक्यांचा प्रश्न आठवला की वाटतं, त्या क्षणी तोंडातून शब्द काढायला केवढं काळीज लागलं असेल.

संध्याकाळी धाकटा आला. त्याला फोनवर कळलं होतं. त्यानं हातपाय धुतले आणि काकूसमोर येऊन बसला. काकांनी रेडिओ बंद केला.

"काकू, यादीत मी नव्हतो," तो म्हणाला. "तुला बसता आलं असतं."

"हो."

"मग उठलीस का?" आयुष्यात त्यानं स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. त्याचा आवाज फुटला. "मी इतका परका आहे का, की एक हात वर करणं जड जावं?"

काकूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मी कागद वाचले, धाकट्या. पुन्हा पुन्हा वाचले. टेकडीवरून जे कळतं ते नव्या यंत्रांना आधी कळतं. लोकांना सावध करायला तेवढाच जास्त वेळ मिळतो. बंद करावं, हेच बरोबर होतं."

"मग आत बसून तसं मत द्यायचंस!" मी उसळून म्हटलं. "निदान तोंडावर तरी सांगायचंस!"

"तेच जमलं नसतं गं." ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती त्याच्याकडे. "आत बसले असते तर माझा हात केंद्र चालू ठेवायलाच वर गेला असता. चूक आहे हे कळत असून गेला असता. मी स्वतःला ओळखते. कागद वाचून झाल्यावर मला एवढंच समजलं, की याच्यापुढे मला दुसरं काही दिसत नाही. म्हणून उठले."

दिवसभर त्याला काय खात होतं ते मला तेव्हा उमगलं. टेकडी गेल्याचं दुःख त्यानं एव्हाना गिळलं असतं. आपण काकूला तिच्या तत्त्वापेक्षा कमी झालो, हे त्याला गिळता येत नव्हतं.

"चूक आहे हे कळत असून?" त्यानं पुन्हा विचारलं, लहान मूल विचारतं तसं.

"हो रे."

"म्हणजे मंडळावर तू अगदीच बेभरवशाची आहेस की!"

"तुझ्या बाबतीत? अगदीच," काकू म्हणाली, आणि बैठकीत, बसमध्ये, घरी आल्यावर धरून ठेवलेलं सगळं रडू तिला तेव्हा फुटलं. धाकट्यानं उठून तिला जवळ घेतलं. काका आणि मी आपापल्या जागी नुसते उभे राहिलो.