लोण्याचे दोन गोळे

काल गावात शाळेला चुना लावत होते. त्या ओल्या चुन्याचा वास नाकात शिरला आणि मी थेट चैतातल्या त्या दुपारी जाऊन पोचलो.

तेव्हा मी गवंडीकाम करायचो. शाळेची एक खोली मी माझ्या हट्टानं दीड हात जाड दगडी भिंतीची बांधली, वर कौलं घातली. दुसरी मिरजेहून आलेल्या बांधकाम खात्याच्या साहेबांच्या हुकमानं झाली. पातळ भिंती, वर पत्रा. साहेब म्हणाले, "उद्या तुझी कौलं उतरव. तिथंही पत्राच घालायचा."

"साहेब, आदुगर दुपारचं दोन्ही खोल्यांत बसून बघा."

"तू मला शिकवणार? किती शिकलायस?"

"दुसरी. पर सांगलीचं ऊन मला वळखतंय."

जमलेले सगळे खो खो हसले. मी तडक घरी जाऊन लोणी मागितलं. बायको म्हणाली, "आवं, आता भिंतीला लोणी चारताय व्हय?" तरी तिनं दोन गोळे केळीच्या पानावर दिले. एकेक गोळा एकेका खोलीत ठेवून मी दारात बसलो. मिशीवर हात होता.

ऊन कललं, तसं साहेबांना दोन्ही खोल्यांत नेलं. पत्र्याखाली पानावर नुसतं तेल उरलं होतं. माझा गोळा जरा मऊ झालेला, पण त्यावर बायकोच्या बोटांचे ठसे तसेच.

साहेबांनी वाकून माझा गोळा बोटानं दाबून बघितला. मग म्हणाले, "मिस्त्री, भाकरी असेल तर आणा."

कौलं राहिली. काल दुपारी वीज गेली, पंखे थांबले, तेव्हा सगळी शाळा मास्तरांसकट माझ्याच खोलीत येऊन बसली होती.