अशुद्ध भाषेच्या तपासणीला

सोलापूर सोडताना माझ्या दप्तरात बदलीचा एक कागद होता, फक्त माझ्या सहीचा अवकाश. बार्शीपलीकडे बालाघाटच्या डोंगरात धनगरांची एक वस्ती आहे. तिथल्या शाळेत विष्णुपंत मास्तर अठरा वर्षं एकटेच शिकवत होते. माझ्या आधीच्या तपासनिसांनी शेरा मारला होता: ‘शिक्षकाची भाषा ग्राम्य व अशुद्ध. बदली करावी.’ ती करायची की नाही, हे मी पाहून ठरवायचं होतं. अशुद्ध बोलण्याचा मला भारी तिटकारा, हे कचेरीत सर्वांना ठाऊक होतं.

कुर्डुवाडीला गाडी बदलून छोट्या गाडीने बार्शी गाठली. पुढे बैलगाडी, आणि चढ पाहून बैलांनी नकार दिल्यावर पायी. नवे पंपशू घालून डोंगर चढू नये, हे मी वाचकांना अनुभवाने सांगतो. वाटेत एका म्हाताऱ्या धनगराने माझं दप्तर खांद्यावर घेतलं.

“मास्तरला न्यायला आलाय व्हय?”

“तपासणीला आलो आहे.”

“त्येच की! माजी नात तापानं फणफणली, तवा पाठीवर घिऊन बार्शीला गेलं हुतं मास्तर. त्ये गेलं तर दुसरं कोन येनार हितं?”

उत्तर देणं टळावं म्हणून मी दम लागल्याचं सोंग केलं. सोंगाची तशी गरज नव्हती.

शाळा बिरोबाच्या देवळाच्या ओसरीत भरते. भिंतीवर विलायतेच्या बादशहाची तसबीर, आत शेंदराने माखलेला देव. मास्तरांच्या खांद्यावर घोंगडं. धनगरांत उभे केले तर ओळखू येणार नाहीत.

“या साहेब. चढ लई हाय,” ते म्हणाले.

“लई नव्हे, फार! हाय नव्हे, आहे!” वीस-पंचवीस पोरं एका सुरात ओरडली.

मास्तर ओशाळले. शेऱ्याची बातमी इथवर आली होती. बदली टळावी म्हणून, जीभ घसरली की जागच्या जागी धरा, असं त्यांनीच पोरांना बजावलं होतं. त्यांनी पोरांना पुस्तकी भाषा शिकवली आणि पोरांच्या घरच्यांनी त्यांना आपली.

“यांच्या आयाबायांना समजवायचं म्हंजे...”

“म्हणजे!”

जेवायला बाजरीची भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) होतं. मी तीन वाट्या प्यालो. पोरांचं वाचन उत्तम, पाढे तोंडपाठ, नकाशाही चोख. पण नियम तो नियम. अंगणातल्या सपाट दगडावर बसून मी शेरेबुक उघडलं आणि ‘भाषा’ एवढं लिहिलं. तो दगड बिरोबाला सोडलेल्या एडक्याचा होता. देवाचा मेंढा, त्याला कुणी हटकत नसे. मागून अशी धडक बसली, की मी, शेरेबुक आणि दौत तीन दिशांना गेलो.

“आय गं, मेलो की! धरा की त्येला कुनीतरी!”

“त्येला नव्हे, त्याला! कुनी नव्हे, कोणी!” पोरांनी मला सुधारलं.

मास्तर धावत आले. आता सगळं संपलं, असं त्यांना वाटलं असणार. “माफी करा साहेब, सवय लागलीया पोरास्नी.” या वेळी त्यांना कुणी टोकलं नाही. मला उठवून कोट झटकताना त्यांनी हळूच विचारलं, “साहेब, गाव कुठलं?”

“करमाळ्याकडचं,” मी म्हणालो. कचेरीत गेली बारा वर्षं मी पुण्याकडचा होतो.

दौतीत उरलेल्या शाईत मी लिहिलं: ‘शिक्षकाची भाषा गावाला कळते. बदली करू नये.’ बदलीचा कागद शाई टिपायला कामी आला.

परतीच्या गाडीत बसणं अशक्य होतं, म्हणून सोलापूरपर्यंत उभाच आलो. उभ्याने विचार फार सुचतात. माझी आई माझ्याकडेच असते. कचेरीतलं कुणी घरी आलं, की मी तिला सांगतो, आई, तू आत बस. ती बसते. का, म्हणून तिने कधी विचारलं नाही. मला माझीच लाज वाटली.

घरी पोचलो, तर तपासणीची हकिकत ऐकायला आमचे हेडक्लार्क ओसरीवर बसलेले. आईने दारातून डोकावलं आणि सवयीने मागे वळली.

“आये, भाईर ये की,” मी हाक मारली. “हितंच बस.”

ती बिचकत बाहेर आली, हेडक्लार्कांकडे पाहून जराशी हसली आणि मला म्हणाली, “तू बी बस की रं. उबा का?”

मग मी तिला सगळी हकिकत सांगितली, तिच्याच बोलीत, हेडक्लार्कांच्या देखत.