निळा तंतू कुणाचा?

आमच्या कांताबाईंना प्रश्न फार पडतात. वागळे इस्टेटमधल्या आमच्या प्रयोगशाळेत त्या काचेची भांडी धुतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "नीरजामॅडम, पालक प्लास्टिक गिळतो तरी कुठून? त्याला तोंड कुठंय?"

"मुळांतून," मी म्हटलं.

"मग मुळांची भोकं केवढी?"

नेमकं तेच आम्ही शोधत होतो. एका ट्रेमधल्या मातीत प्लास्टिकची भुकटी मिसळायची, दुसऱ्यातली माती स्वच्छ ठेवायची. मग पालकाचे देठ रसायनात विरघळवून, गाळून, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. कपड्याचा एखादा तंतू पडला तरी मुसळ केरात, म्हणून आत सुती कपड्यांची सक्ती.

आणि मार्चमध्ये स्वच्छ मातीतल्या पालकातच निळे तंतू निघाले. तपासलं तर पॉलिएस्टर. दोन वर्षांचं काम पाण्यात जायची वेळ आली आणि माझं डोकं फिरलं. कांताबाई निळी साडी नेसून नळाशी उभ्या होत्या, गेल्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला घेतलेली त्यांची आवडती साडी. "उद्यापासून तुम्ही गोदामात जा," मी सगळ्यांदेखत सुनावलं.

"साडी सुती आहे, मॅडम."

"सुती म्हणून काहीही खपवतात हो."

त्या वाद घालत बसल्या नाहीत. स्पिरिटचा दिवा पेटवून त्यांनी पदराचा एक धागा ज्योतीत धरला. जळक्या कागदाचा वास आला, चिमूटभर राख उरली. इथं येण्याआधी डोंबिवलीत कापड रंगवायच्या कारखान्यात त्यांनी नऊ वर्षं काढलेली. सूत जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळतं; धागा ओळखायची ही रीत तिथली.

"आता हा बघू," माझ्या एप्रनच्या खिशाकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. एप्रन सुतीच होता, पण आम्हा तिघा संशोधकांची नावं मी हौसेनं ज्याच्या त्याच्या एप्रनवर भरून घेतली होती, निळ्या दोऱ्यानं. त्यातला तुकडा कापून त्यांनी ज्योतीत धरला. तो आक्रसला, वितळला आणि टोकाला टणक काळा मणी झाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळ्यांसमोर माफी मागितली, गोदामाचं रद्द केलं. नावं उसवून पालक पुन्हा पेरायचं ठरलं.

कांताबाई तो मणी बोटांत फिरवून बघत होत्या. "मॅडम, एक विचारू? तुमचं नाव निळं, माझी साडी निळी. तुम्हाला आधी साडीच का दिसली?"

उत्तर मला ठाऊक होतं.