उलट्या रेघा

लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा वास आला की मला मानोरा गावातला, मी कामाला होतो तो फोटो स्टुडिओ आठवतो. तिथल्या कॉम्प्युटरवर आम्ही विंडोज काढून लिनक्स घेतलं आणि गिऱ्हाइकांच्या फोटोंच्या यादीतला एकही जुना फोटो उघडेना. खराब झाले समजून मी ते सगळे पुसून टाकले. मग कळलं, फोटो चांगलेच होते; लिनक्समध्ये फाइलचा पत्ता फक्त वेगळ्या पद्धतीनं लिहितात. यादीतल्या फाइलच्या पत्त्यांमधलं ड्राइव्हचं अक्षर बदलून तिरप्या रेघा तेवढ्या उलट्या करायच्या होत्या. त्याच आठवड्यात ऊसतोडीहून परतलेली तांड्यावरची एक बाई आली. “भाऊ, माह्या पोरीचा शाळेसाठी काढलेला फोटो दे. तिकडंच वारली थे. आमच्यापाशी एकबी फोटो नाही.” मी म्हणालो, “आज मशीन बिघडली, बाई.” “मंग उद्या येतो,” ती म्हणाली. ती चार दिवस येत राहिली. खरं सांगायची हिंमत मला झाली नाही. आता सांगावंसं वाटतं, पण ती कुठं असते, हेही मला ठाऊक नाही.