आजोबांच्या तसबिरीला हार

माझ्या आजोबांना मी कधीच पाहिलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलताना मला कसलीच अडचण येत नसे.

ठाऊक होतं ते एवढंच: दुसऱ्या महायुद्धात ते लष्करात होते आणि परत आल्यावर त्यांनी पोलादपूरच्या बाजारात दुकान टाकलं. मीठ, सुकी मासळी, दोरखंड, कंदिलाच्या काचा, विड्या. डोंगरावरच्या वाड्यांतली माणसं खाली उतरली की आधी त्यांच्याच ओट्यावर टेकायची. याच्यापुढे माझ्या वडिलांनी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग माझ्या लेकीचं लग्न ठरलं. व्याही भोरचे, निवृत्त सुभेदार. पहिल्याच भेटीत म्हणाले, "आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या लष्कर."

मी महाडच्या एका कारखान्यात जन्मभर आवक-जावक लिहिणारा कारकून. गप्प बसायचं की नाही? पण नाही!

"आमचे आजोबाही लढलेत हो!"

"अरे वा! कुठल्या आघाडीवर?"

"अं... पुढच्या."

(बायकोने चहाची कपबशी जरा जोरातच ठेवली.)

आता पुरावा शोधणं आलं. माळ्यावर आजोबांच्या दुकानाची एक पेटी होती. पुराच्या वर्षी घरात छातीभर पाणी आलं तेव्हा माळ्यावरची म्हणूनच ती वाचली. तिच्या तळाशी एक तसबीर निघाली. शिपाई! पिळदार मिशा, खांद्याला बंदूक, छाती अशी की दारातून आडवीच न्यावी लागेल. तसबिरीची खालची पट्टी तेवढी वाळवीने खाल्लेली.

"बघ, बघ! नाक आपलंच!" मी ओरडलो.

"तुमचं नाक बसकं आहे," बायको म्हणाली.

"वयानं बसतं ते!"

"त्यापेक्षा बिरवाडीला चिमाआत्यांना दाखवून आणा ना. आजोबा म्हणजे त्यांचे सख्खे वडील. त्या सांगतील."

"अगं, नव्वदीच्या म्हाताऱ्या बाईला काय आठवणार!"

खरं कारण वेगळंच होतं. आत्याकडे गेलो की तासभर बसावं लागतं, म्हणून मी कित्येक वर्षं गेलोच नव्हतो. रिक्षाने थोडं अंतर, पण मी बसलो इंटरनेटवर आजोबा शोधत! तिथे ते सापडले नाहीत. मग मीच घडवले. कुटुंबाच्या ग्रुपवर पहिल्या दिवशी त्यांनी एकट्याने चौकी राखली. आठवड्याभरात शत्रूचा रणगाडा अडवला. मुंबईच्या चुलतभावाने तसबीर आपल्या डीपीला लावली. कुणीतरी विचारलं, "पदक मिळालं असेल ना?" मी लिहिलं, "त्यांनी नाकारलं."

हे सगळं लेकीमार्फत व्याह्यांपर्यंत पोचलं. त्यांचा फोन आला. "लग्नाआधी दोन्ही घरांनी मिळून त्यांना वंदन करू या. जिथे त्यांचं दुकान होतं, तिथेच."

नाही कसं म्हणणार? पोलादपूरला मांडव घातला. तसबिरीचा फ्लेक्स केला. मिशीचं एकेक टोक पाटाएवढं! व्याही वरंध घाट उतरून जीप भरून पाहुणे घेऊन आले, छातीवर स्वतःची पदकं लावून. फ्लेक्ससमोर उभे राहिले आणि कपाळाला आठ्या.

"हा पट्टा असा उलटा कसा?"

"त्या काळी तसाच बांधत!"

मी माईक धरला आणि गर्जलो, "भीती हा शब्द माझ्या आजोबांना ठाऊकच नव्हता!"

टाळ्या चालू असतानाच रिक्षा थांबली. बायको परस्पर बिरवाडीला जाऊन चिमाआत्यांना घेऊन आली होती. सगळे उठून उभे राहिले. वीराची लेक! त्यांच्या हाती हार दिला. त्यांनी मान वर करून फ्लेक्स नीट न्याहाळला.

"ह्यो कोन गो?"

माईक नेमका त्यांच्या तोंडाशी.

"आत्या, तुमचे वडील," बायको हळूच म्हणाली.

"ह्यो माजा बा? नाय गो! ह्यो विडीवाला! दुकानात टांगलेला व्हता. खाली विडीचं नाव व्हतं लिवलेलं."

वाळवीने नेमकं नाव तेवढं खाऊन बाकीचा आजोबा माझ्यासाठी ठेवला होता!

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे सकाळधरनं आपन विडीच्या जाहिरातीला नमस्कार करतोय?" आणि सगळा मांडव फुटला. पोटं धरधरून हसले लोक. हसली नाही ती एकटी माझी लेक. तिची मान खाली गेली ती वर येईना, आणि मला वाटलं, सावित्री नदीच्या डोहात जाऊन बसावं.

व्याही उठले. मला वाटलं, मोडलं लग्न. ते सरळ आत्यांसमोर खुर्ची ओढून बसले. "आत्याबाई, मग तुमचे वडील खरे कसे होते?"

"ठेंगणा व्हता बा. लढाईत खेचरं हाकायचा. डोंगरात दारूगोळा न्यायचा. त्याचं खेचर त्याच्या म्होरं फुटलं म्हनं. पर बा कदी बोलला नाय, त्याच्या सोबत्यानं सांगितलं." आत्यांनी हातातला हार मांडीवर ठेवला. "कशेडीच्या घाटात रस्त्याचे सुरुंग उडाय लागले का बा दुकानाच्या फळ्या लावायचा. मना पोटाशी धरून गल्ल्याखाली बसायचा. थरथर कापायचा, आनि मना सांगायचा, 'भिऊ नको गो, मी हाय.' आवाज थांबले का उठायचा, फळ्या काढायचा आनि मीठ मोजाय लागायचा."

व्याह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझे वडीलही बसायचे," ते म्हणाले. "पलंगाखाली. आम्ही पोरं हसायचो त्यांना."

मग त्यांनी तो हार उचलून आत्यांच्या गळ्यात घातला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लग्न ठरल्या तारखेलाच होईल. भाषण तेवढं तुम्ही करू नका."

चहा आला. माईक बंद आहे याची खात्री करून मी आत्यांच्या पाया पडायला वाकलो. "आत्या, चुकलो."

आत्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग बायकोकडे वळल्या.

"सूनबाय, तुजा नवरा आजबी आला नाय का? बरं, ह्या मांडववाल्याला पन च्या दे गो. लय घामेजलाय बिचारा."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने चहा प्यायलो आणि खुर्च्या गोळा करायला लागलो!